स्टॉकहोमच्या गटसहलीत एकच मोकळी दुपार असेल, तर वासा संग्रहालय पाहावे की गामला स्तान?

दुपार वासा संग्रहालयाला द्यावी आणि गामला स्तान, म्हणजे जुने शहर, रात्रीच्या जेवणानंतर पायी पाहावे. संग्रहालय संध्याकाळी बंद होते. जुन्या गल्ल्यांना मात्र कुलूप नसते, आणि जूनमध्ये तेथे रात्री दहा वाजताही उजेड असतो. 64 तोफांची वासा ही युद्धनौका 10 ऑगस्ट 1628 रोजी पहिल्याच सफरीत, जेमतेम 1300 मीटर जाऊन बुडाली आणि 1961 मध्ये वर काढण्यात आली. बाल्टिकच्या कमी खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा किडा जगत नसल्याने तिचे बहुतेक लाकूड मूळचेच आहे. तिच्या पिछाडीवरील कोरीव मूर्ती नीट न्याहाळायच्या तर दोन तास हवेत, एका तासात उरकणे म्हणजे तिकीट वाया घालवणे. गामला स्तानमधील मॉर्टन ट्रॉटझिग गल्ली अरुंद टोकाशी अवघी 90 सेंटिमीटर रुंद असल्यामुळे मोठ्या गटाला तेथे एकामागे एक चढावे लागते. डिसेंबरमध्ये मात्र सूर्य तीनच्या आधीच मावळतो. तेव्हा जुने शहर आधी पाहावे, कारण संग्रहालयात तसाही मंदच प्रकाश असतो.