मोनॅकोची स्पर्धा, फ्रान्सची माती

प्रश्न : माँटे कार्लोची टेनिस स्पर्धा मोनॅकोची म्हणतात, मुलगा सांगतो, मैदान फ्रान्समध्ये आहे. खरं काय? आणि ती किती जुनी?
– एक वाचक, सातारा

उत्तर : चिरंजीव बरोबर आहेत, त्यांना चहा पाजा! स्पर्धा १८९७ पासूनची. पहिल्या वर्षांत इंग्लंडच्या रेजी डोहर्टीचं वर्चस्व होतं. १९२८ मध्ये माँटे कार्लो कंट्री क्लब उभा राहिला, तो सीमेपलीकडे, रोकब्रून-काप-मार्टिन या फ्रेंच गावात. मोनॅको एवढंसं, जागा आणणार कुठून?

कोर्ट लाल, वर विटांचा चुरा पसरलेला. चेंडू पडला की वेग मंदावतो नि उसळी वाढते, त्यामुळे नुसत्या जोरदार सर्व्हिसवर भागत नाही. म्हणून तर राफेल नदालचं इथं राज्य होतं. २००५ ते २०१२ सलग आठ विजेतेपदं, एकूण अकरा. ओळीनं ४६ सामने तो इथं हरला नव्हता. २०१३ च्या अंतिम फेरीत जोकोविचनं ६-२, ७-६ असा तो घोडा अडवला. मी नदालच्या बाजूचा, तरी पहिला सेट पाहून गप्प बसलो.

२००९ पासून अव्वल खेळाडूंना इथं येण्याची सक्ती नाही. बहुतेक जण तरीही येतात. समोर भूमध्य समुद्र, पुढं पॅरिसच्या फ्रेंच ओपनची तयारी.

आणि आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही, पण २०१७ मध्ये दुहेरीचं विजेतेपद आपल्या रोहन बोपण्णानं उरुग्वेच्या पाब्लो क्वेवासबरोबर जिंकलं होतं.