किरकोळ धडक बसली, भरपाई मागावी का?

गाडीनं तुझ्या सायकलला धडक दिली, तरी खरचटण्यावर निभावलं, हे बरं झालं. पण 'काही झालं नाही' असं ड्रायव्हरला कळवायची घाई करू नकोस. धक्क्याच्या भरात दुखणं कळत नाही. मान आणि मनगट दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बोलू लागतात. आधी डॉक्टरांना दाखव आणि कागद जपून ठेव.

मग सायकल. चाक फिरवून ब्रेकपाशी डोळा लाव, रिम डुलतेय का दिसेल. मागून पाहा, डिरेलर, म्हणजे साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग, आत वाकलाय का. तो ज्यावर बसतो तो हँगर वाकला असेल तर चढावर हलका गिअर टाकताच डिरेलर स्पोकमध्ये जाऊ शकतो. कार्बन फ्रेम असेल तर मेकॅनिककडूनच तपासून घे. माझ्या फोर्कवर, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांवर, नुसता ओरखडा दिसत होता, तीन आठवड्यांनी त्याच जागी तडा निघाला. तोवर मी 'सगळं ठीक' म्हणून मोकळा झालो होतो! हेल्मेट आपटलं असेल तर ते गेलंच समज, आतला फोम एकदाच मार झेलतो.

दुरुस्तीआधी फोटो काढ आणि खर्चाचा लेखी अंदाज घे. आकडा हँडलच्या एका टेपरोल आणि केबलइतका असेल तर मी सोडून देईन, पत्रव्यवहाराचा वैताग त्याहून महाग पडतो. चाक, फ्रेम किंवा औषधोपचार असतील तर मात्र संकोच नको. चूक ड्रायव्हरची असेल तर पैसे बहुधा त्याची विमा कंपनी देते. तो रोख देऊन मिटवू म्हणाला, तर अंदाज हातात येईपर्यंत कशावरही सही करू नकोस. गाडीचा नंबर घेतलायस ना?