तीन वर्षांच्या मुलीला मोबाईल न दाखवता गोष्टी-गाणी कशी ऐकवावीत?

तुम्ही लिहिलंय की मुलगी तीन वर्षांची आहे, समोर मोबाईल असल्याशिवाय घास गिळत नाही, आणि परदेशात मिळणारा तो गोष्टी सांगणारा खोका पुण्यात मागवावा का, असा प्रश्न पडलाय. तो खोका आमच्या घरी चार वर्षं आहे, म्हणून लिहिते. खोक्याची घाई करू नका. आधी तिच्या आजीचा आवाज रेकॉर्ड करून घ्या.

आम्ही जर्मनीत, स्टुटगार्टजवळ राहतो. इथे मुलांनी नुसतं ऐकायची सवय जुनी आहे. आज चाळिशीत असलेली इथली माणसं गोष्टींच्या कॅसेट ऐकत मोठी झालेली, आपल्याकडे रविवारी सकाळी आकाशवाणी पुण्यावरचं बालोद्यान ऐकत आम्ही बसायचो तशी. त्याच सवयीवर २०१६ साली हा खोका आला, त्याचं नाव टोनीबॉक्स. मऊ कापडी आवरणाचा चौकोनी ठोकळा, वर दोन कान. मोठा कान दाबला की आवाज वाढतो, लहान दाबला की कमी होतो. डोक्यावर छोटी बाहुली ठेवली की तिची गोष्ट सुरू, उचलली की बंद. बाजूला चापट मारली की पुढची गोष्ट लागते. बाहुलीच्या पोटात चिप असते आणि ती चुंबकाने चिकटून बसते. पडदा कुठेच नाही.

यातली खरी चांगली गोष्ट म्हणजे मूल हे सगळं स्वतः चालवतं. तीन वर्षांच्या मुलाच्या हातात एरवी काय असतं? कपडे आपण ठरवतो, जेवण आपण ठरवतो, झोपायची वेळ आपण ठरवतो. लेकीला तो ठोकळा मिळाला तेव्हा तीच बाहुली ती वर ठेवायची, काढायची, पुन्हा ठेवायची. मी शेजारी भाजी चिरत असायचे आणि ती मला काही मागायची नाही.

अडचण भाषेची. तयार बाहुल्यांमधल्या गोष्टी जर्मन, इंग्रजी, फ्रेंच अशा. मराठी एकही माझ्या हाती लागली नाही. पाळणाघरात दिवसभर जर्मन, घरी आल्यावर खोक्यातूनही जर्मन. एके दिवशी लेक तिच्या खेळातल्या बाहुलीला भरवताना जर्मनमध्ये दटावत होती, तेव्हा माझ्या पोटात कालवलं.

या खोक्यासाठी एक रिकामी बाहुलीही मिळते. तिच्यात ९० मिनिटांपर्यंत आपलं रेकॉर्डिंग घालता येतं. वाईला आईला फोन केला. तिने चिऊ-काऊची गोष्ट वहीत उतरवून काढली आणि बातम्या वाचाव्यात तशी वाचून पाठवली. लेकीने अर्ध्या मिनिटात बाहुली उचलून खाली ठेवली. मग मी आईला म्हटलं, वही मिटून ठेव, ती तुझ्या मांडीवर बसलीय असं समज आणि सांग. दुसऱ्या रेकॉर्डिंगमध्ये आई लेकीला नावाने हाक मारते. “चिऊताई चिऊताई, दार उघड” म्हणताना कावळ्याचा आवाज घोगरा काढते. मग विचारते, “चिऊताई काय म्हणाली गं?” आणि थांबते. मध्येच मागे कुकरची शिट्टी होते, आई म्हणते “थांब हं”, गॅस बंद करून परत येते. मी ते कापणार होते, बरं झालं राहिलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा लेक त्या थांबलेल्या जागी ठोकळ्याच्या अगदी जवळ तोंड नेऊन म्हणाली, “थांब, माझ्या बाळाला तीट लावते.” चौथ्या-पाचव्या वेळेपासून कुकरच्या आधी बोट वर करून बसायची, “आता शिट्टी!”

ती गोष्ट तिने किती वेळा ऐकली असेल याचा हिशेब नाही. तेच तेच ऐकायला मुलं कंटाळत नाहीत, पुढे काय येणार हे आधीच ठाऊक असण्यात त्यांना मजा येते. त्यामुळे पन्नास गोष्टी गोळा करत बसू नका. चार-पाच मिनिटांच्या सहा-सात गोष्टी, दोन-तीन बडबडगीतं, एखादी ओवी, एवढ्यावर सहज काही महिने निघतात.

आता पुण्यात काय कराल ते सांगते. तो खोका चालवायला खातं उघडावं लागतं, नव्या बाहुलीसाठी वायफाय लागतं, आम्ही घेतल्या तेव्हा एकेक बाहुली १५-१७ युरोंना पडली, आणि तुम्हाला हवी ती भाषा त्यात नाहीच. त्याऐवजी मेमरी कार्ड बसणारा साधा ब्लूटूथ स्पीकर घ्या, हजाराच्या आत मिळतो. माझ्या बहिणीने साताऱ्यात तिच्या मुलासाठी हेच केलं, तिला जिथे अडलं ते सांगते. फोनवरचं रेकॉर्डिंग किंवा व्हॉट्सॲपवर आलेला आवाज असे स्वस्त स्पीकर बहुधा वाजवत नाहीत, आधी त्याची एमपी३ फाईल करून घ्यावी लागते. फाईलला १, २, ३ नावं दिली तरी बरेच स्पीकर कार्डावर ज्या क्रमाने टाकल्या त्याच क्रमाने वाजवतात, म्हणून एकेक करून हव्या त्या क्रमाने टाका. आणि आवाजाचं बटण वेगळं आहे ना ते दुकानातच बघा. काही स्पीकरवर एकच बटण थोडं दाबलं की पुढचं गाणं आणि धरून ठेवलं की आवाज मोठा. मुलं बटण धरूनच ठेवतात. चालू-बंद करायच्या बटणावर बहिणीने लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला, तेवढं भाच्याला पुरलं. कार्डाच्या खाचेवर मात्र घट्ट चिकटपट्टी लावा, ते कार्ड नखाएवढं असतं आणि तोंडात जाऊ शकतं. रिमोटमध्ये बटणासारखा चपटा सेल असेल तर तो रिमोट मुलीच्या हाती लागूच देऊ नका. तो सेल गिळला गेला तर जिवावर बेततं.

हेडफोन या वयात नको. स्पीकर खोलीच्या एका कोपऱ्यात, आपण बोलतो तेवढ्याच आवाजात.

मोबाईलवर गाणी लावून तो पालथा ठेवायचा, हेही आम्ही करून पाहिलं. टिकलं नाही. खाली चित्र हलतंय हे मुलाला ठाऊक असतं, ते फोन उलटणारच. बोलून चालवायच्या स्पीकरबद्दलही माझं मत चांगलं नाही. तीन वर्षांच्या बोबड्या मराठीत मागितलं एक की लागतं भलतंच, आणि मग मूल चिडतं.

आता जेवणाचं. इथे माझं मत कदाचित तुम्हाला आवडणार नाही. मोबाईल काढून त्याच जागी स्पीकर ठेवू नका. ऐकण्याच्या नादात तोंड उघडणं आणि बघण्याच्या नादात उघडणं, पोट भरलंय की नाही हे दोन्हीत कळत नाही. आम्ही गोष्टी आधी खेळताना आणि संध्याकाळच्या त्या किरकिरीच्या तासात सुरू केल्या. पंधरा दिवसांनी ती सवय लागली, मग जेवणातला फोन बंद केला. चार-पाच दिवस भोकाड पसरणं, ताट ढकलणं सगळं झालं. एक दिवस ती नुसता दहीभात खाऊन उठली. मग ओसरलं. जेवताना आम्हीच बोलत बसायचो, काही नाही तर “हा घास काऊचा, हा घास चिऊचा”.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनात २ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त १ तास पडदा, तोही कमी तेवढा बरा, असं म्हटलंय. त्यातच पुढे आहे की मूल बसलेलं असताना घरच्या मोठ्या माणसाने त्याला वाचून दाखवावं, गोष्टी सांगाव्यात. म्हणून पहिला आठवडाभर तरी तिच्याबरोबर बसून ऐका. कावळ्याचं घर कशाचं, चिमणीचं कशाचं, हे विचारा. नंतर ती एकटी ऐकेल.

रेकॉर्डिंग करताना पंखा बंद, फोन आजीपासून हातभर लांब, आणि एका दमात एकच गोष्ट. आजी म्हणतील, “मला कुठे येतंय असलं काही.” त्यांना म्हणा, गोष्ट नको, नुसतं नातीला हाक मारा आणि आज अंगणात काय काय दिसलं ते सांगा. आईने पाठवलेल्या सगळ्यांत लेकीचं सर्वांत लाडकं रेकॉर्डिंग तेच आहे. त्यात आई मांजरीला हाकलते आणि कढीपत्त्याला नवी पानं आल्याचं सांगते.