बोंबलाला बदक कोणी केलं?

बोंबील या नावाबद्दल आणि ‘बॉम्बे डक’, म्हणजे मुंबईचं बदक, या त्याच्या इंग्रजी नावाबद्दल वाचकांनी विचारलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रं जोडून एकच प्रश्न केला आहे.

प्रश्न : मुंबईचे सुके बोंबील डाकगाडीने कलकत्त्याला जायचे आणि त्या डब्यांना वास मारायचा. म्हणून आधी ‘बॉम्बे डाक’ आणि मग ‘बॉम्बे डक’ झालं, असं घरोघरी सांगतात. हे खरं आहे का? (ठाणे)

उत्तर : नाही. तारखाच जुळत नाहीत. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली १६ एप्रिल १८५३ रोजी. मुंबईहून कलकत्त्यापर्यंत सलग रूळ जोडले गेले ते १८७० साली. ‘बॉम्बे डक’ हे नाव मात्र इंग्रजी लेखनात १८१५ च्या सुमारासच सापडतं. म्हणजे गाडी येण्याच्या जवळजवळ चाळीस वर्षं आधी नाव रुळलेलं होतं.

दुसरी अडचण उच्चाराची. टपालाच्या अर्थाचा ‘डाक’ हा शब्द त्या काळच्या इंग्रजांच्या रोजच्या वापरात होता. त्याचं स्पेलिंग ते ‘डॉक’ असा लांब उच्चार निघेल असं करत. डाकबंगल्याचंही तसंच लिहीत. जो शब्द दिवसातून दहादा तोंडात यायचा, तो फक्त मासळीच्या बाबतीत आखूड होऊन ‘डक’ का व्हावा?

तिसरी गोष्ट मासळीबाजाराची. बंगालच्या किनाऱ्यावर बोंबील भरपूर मिळतो. तिथे त्याला लोट्या किंवा लोइट्टा म्हणतात, आणि त्याची सुकी मासळी, म्हणजे शुटकी, तिकडच्या स्वयंपाकात चांगली मुरलेली आहे. कलकत्त्याला मुंबईहून बोंबील मागवायची गरजच नव्हती.

प्रश्न : मग ‘डक’ आलं कुठून? आणि त्याआधी इंग्रज या माशाला काय म्हणत? (पुणे)

उत्तर : आधी ते आपलाच शब्द वापरत. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७३ च्या सुमारास मुंबईत होता. १६९८ साली छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात माझगावचा उल्लेख येतो : मोठं मासेमारीचं गाव, तिथला ‘बम्बेलो’ नावाचा मासा प्रसिद्ध आणि गरिबांचं पोट त्याच्यावर चालतं. हा ‘बम्बेलो’ म्हणजे बोंबील. पुढे इंग्रजीत तो ‘बमेलो’ झाला, आणि १८८६ साली निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दकोशाने त्याचं मूळ मराठी ‘बोंबील’ असंच दिलं आहे.

‘डक’बद्दल आमचं मत असं, की ही इंग्रजीची जुनी खोड आहे. साध्या, स्वस्त पदार्थाला महागड्या मांसाचं नाव द्यायचं. पावावर चीज वितळवून खातात त्याला ते ‘वेल्श रॅबिट’ म्हणतात, आणि त्यात सशाचा मागमूस नसतो. मुंबईत जेवणाबरोबर येणाऱ्या सुक्या मासळीला ‘मुंबईचं बदक’ म्हणणं त्याच साच्यात बसतं. हे नाव इतकं चिकटलं की मुंबई इलाख्यातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनाच ‘डक्स’ म्हणू लागले. मद्रासवाल्यांना ‘मल्स’ आणि बंगालवाल्यांना ‘क्वी-हाय’ म्हणत. नोकराला हाक मारताना ते ‘कोई है?’ म्हणत, त्यावरून. मासळीचं नाव माणसांना लागलं, हा उलटा प्रवास या शब्दात सहसा कोणी लक्षात घेत नाही.

प्रश्न : बोंबील हा शब्द ‘बोंब’वरून आला का? पकडल्यावर त्याचा जबडा उघडाच राहतो, जणू बोंब मारतोय, असं आमच्याकडे सांगतात. (अलिबाग)

उत्तर : जबडा उघडा राहतो हे खरं. पण असे आ वासलेले मासे पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या कुणाचं नाव बोंबेवरून पडलेलं नाही. दोन शब्द सारखे वाजतात एवढ्यावर त्यांचं नातं ठरत नाही.

हा घोळ का होतो, ते मात्र व्याकरणात दिसतं. आपण ‘बोंबिलाचं कालवण’ म्हणत नाही, ‘बोंबलाचं’ म्हणतो. प्रत्यय लागला की शेवटच्या अक्षराआधीची ई किंवा ऊ गळते आणि तिथे अ येतो. उंदीर, उंदराला, बेडूक, बेडकाला, लाकूड, लाकडाचं, बोंबील, बोंबलाचं. अशी गळती मुख्यतः घरच्या मराठी शब्दांत होते. फारसी-अरबीतून आलेला वकील ‘वकलाला’ होत नाही, ‘वकिलाला’च राहतो. संस्कृतातून जसंच्या तसं आलेलं ‘शरीर’ही ‘शरीराला’ राहतं. बोंबील उंदराच्या वाटेने जातो. म्हणजे तो बोलीत पिढ्यान्‌पिढ्या घोळलेला शब्द आहे. गुजरातीत त्याचाच भाऊ ‘बूमला’, आणि पारशी घरांतही हाच शब्द चालतो.

‘बोंबला-’ हे रूप ‘बोंबलणे’च्या इतकं जवळ गेलं की लोकांनी दोघांची सोयरीक लावून दिली. लिहिताना एवढं सांभाळा : मूळ रूपात ‘बोंबील’ असा दीर्घ, प्रत्ययापूर्वी ‘बोंबला’. ‘बोंबिलाची चटणी’ असं छापलेलं आढळलं तर ती चूक आहे.

प्रश्न : बोंबलावरून ‘बॉम्बे’ नाव पडलं का? (नाशिक)

उत्तर : नाही. ‘बॉम्बे’ हे पोर्तुगिजांच्या ‘बोम्बाइम’वरून आलं आणि त्याच्यामागे मुंबादेवीचं मुंबई आहे. ‘बॉम बाइया’, म्हणजे चांगली खाडी, ही व्युत्पत्तीही टिकत नाही. पोर्तुगिजमध्ये ‘बाइया’ स्त्रीलिंगी आहे, तिथे ‘बोआ’ हवं.

प्रश्न : शास्त्रीय नावात मुंबई का नाही? (कोल्हापूर)

उत्तर : कारण नाव बंगालमध्ये पडलं. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात याचं वर्णन केलं आणि तिथल्या ‘नेहरे’ या स्थानिक नावावरून ‘नेहरियस’ ठेवलं. आजचं पूर्ण नाव हार्पाडॉन नेहरियस. ‘हार्पाडॉन’मधला शेवटचा भाग म्हणजे दात. ताज्या बोंबलाच्या जबड्यावरून बोट फिरवलं तर आत वळलेले, आकड्यासारखे दात टोचतात. साफ करताना बोटं तोंडात घालू नका.

या माशाचा पसाराही तुटक आहे. रत्नागिरीपासून वर गुजरातपर्यंत तो भरपूर, खाली दक्षिणेकडे अगदी विरळ, आणि मग एकदम बंगालच्या बाजूला पुन्हा भरपूर. म्हणूनच दोन्हीकडची नावं एकमेकांना न विचारता पडलेली आहेत. चीनच्या किनाऱ्यावर याला ‘टोफू मासा’ म्हणतात, आणि ते नाव आमच्या मते सगळ्यांत नेमकं आहे. या माशात जवळजवळ नव्वद टक्के पाणीच असतं.

प्रश्न : लंडनमध्ये पाकिटावर ‘बॉम्बे डक’ लिहिलेलं मिळतं. मध्यंतरी ते बंद होतं म्हणतात. का? (लंडन)

उत्तर : पाकिटात सुके बोंबीलच आहेत. १९९७ साली युरोपीय आयोगाच्या नियमांमुळे त्यांची आयात थांबली. भारतातून फक्त मान्यताप्राप्त गोठवण आणि डबाबंदी कारखान्यांतली मासळी चालेल असा नियम होता, आणि बोंबील तर उघड्यावर सुकतो. तिकडच्या खवय्यांनी मोहीम चालवली. शेवटी सुकवणं उघड्यावर, पण पाकीटबंदी मान्यताप्राप्त ठिकाणी, अशी सवलत मिळाली.

उघड्यावर सुकवतात म्हणजे काय, तेही सांगतो. वर्सोवा, मढ, अर्नाळा, वसई या पट्ट्यात बांबू रोवून त्यांना दोऱ्या ताणतात. त्या मांडवाला वलांडी म्हणतात. डोल जाळ्यात सापडलेले बोंबील धुऊन, दोन-दोन घेऊन त्यांचे जबडे एकमेकांत अडकवतात आणि ती जोडी दोरीवर टाकतात. दात आत वळलेले असल्यामुळे जोडी वाऱ्याने सुटत नाही. मीठ लावत नाहीत. थंडीतल्या कोरड्या वाऱ्यात तीन-चार दिवसांत माल तयार होतो. आभाळ आलं की माशातलं पाणी आतच राहतं, मांस सैल पडतं, मासा दोरीवरून गळतो आणि माश्या बसून किडे पडतात. अवकाळी पावसाची एक सर वलांडीवरचा सगळा माल नासवते.

प्रश्न : सुके बोंबील घेताना काय पाहावं? (सोलापूर)

उत्तर : मधून वाकवा. चटकन मोडला तर चांगला, चिवटपणे वाकला तर आत ओल आहे. रंग फिकट पिवळसर हवा. गुलाबी-लालसर डाग असतील तर घेऊ नका. घरी आणल्यावर दोन उन्हं दाखवून, निवल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. गरम असतानाच डबा बंद केला तर आत वाफ धरते आणि बुरशी येते.

चटणीसाठी डोकं-शेपटी काढून दोन-दोन इंचांचे तुकडे मंद तव्यावर भाजा आणि कुटा. कालवणासाठी तुकडे दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, जास्त नको, नाहीतर ते लगद्यासारखे होतात. लंडनच्या पाकिटातलेही असेच वापरता येतात. तिकडे ते कुरकुरीत भाजून करीवर चुरतात.

प्रश्न : ओले बोंबील तळले की रवा सुटतो आणि मासा तव्याला चिकटतो. दर वेळी. (डोंबिवली)

उत्तर : पाणी काढल्याशिवाय हे थांबणार नाही. सहा-सात मध्यम बोंबील घ्या. डोकं, पर आणि शेपटी कापून पोटाकडून उभा चिरा, पण पाठ सोडू नका. पुस्तकासारखा उघडला पाहिजे. मधला काटा टोकाने उचलून हलकेच ओढा. मीठ आणि हळद चोळा. स्वच्छ फडक्यात एका थरात पसरा, वर फडकं, त्यावर ताट आणि ताटावर वरवंटा. अर्ध्या तासात फडकं चिंब होईल. नाही झालं तर वजन कमी आहे.

मग आलं-लसूण, लाल तिखट आणि कोकमाचा आगळ लावून दहा मिनिटं ठेवा. तांदळाचं पीठ दोन वाटे आणि बारीक रवा एक वाटा, हे मिश्रण तव्यावर टाकण्याच्या क्षणीच लावायचं. आधी लावून ठेवलं की उरलेलं पाणी पिठात शिरतं, पिठाची पेस्ट होते आणि तीच तव्याला चिकटते. तवा चांगला तापलेला हवा. एका वेळी तीन-चारच टाका. जास्त टाकले की तवा थंड होतो आणि मासा स्वतःच्या पाण्यात शिजतो. खालची बाजू आपोआप सुटेपर्यंत उलथनं लावू नका.

प्रश्न : बारीक माणसाला ‘सुका बोंबील’ म्हणतात, आणि वाकटीही म्हणतात. फरक काय? (पनवेल)

उत्तर : वाकटी म्हणजे पट्टीसारखा लांब, चपटा मासा, काही ठिकाणी त्याला बाळा म्हणतात. म्हणून उंच आणि सडसडीत माणसाला वाकटी, आणि गालफडं बसलेल्याला सुका बोंबील. ओला बोंबील कुणाला म्हणत नाहीत.

प्रश्न : पापलेट हा शब्द इंग्रजी ‘पॉम्फ्रेट’चा अपभ्रंश का? (मालवण)

उत्तर : दोन्ही पोर्तुगिजांच्या ‘पाम्पो’कडे जातात. तुमच्याकडचा ‘सरंगा’ हा याच माशाचा आपला शब्द, तो जपून ठेवा. चंदेरी पापलेट २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्य मासा म्हणून जाहीर झाला, तेव्हापासून सगळीकडे ‘पापलेट’च छापून येतं. तुमच्या बाजारात पाटीवर दोन्ही नावं लिहायला सांगा.