थंडीच्या सरावासाठी रोड बाइकची चाकं: आधी स्पोक मोजा, वजन नंतर

तुम्ही म्हापशात राहता, वजन ८४ किलो, बाइकला रिम ब्रेक (चाकाच्या कडीला, म्हणजे रिमला, रबर दाबणारे) आहेत, नोव्हेंबर ते फेब्रुवारी सराव वाढवायचाय आणि स्वस्त पण टिकणारी चाकं हवीत, असा प्रश्न आहे. माझं उत्तर: ॲल्युमिनियमची साधी रिम, पुढे-मागे ३२-३२ स्टेनलेस स्पोक, पितळी निपल (स्पोक रिमला कसून धरणारे छोटे नट) आणि उघडून ग्रीस भरता येईल असा शिमानोचा हब (चाकाच्या मधला भाग). दोन्ही चाकांचे पैसे जमत नसतील तर यंदा फक्त मागचं बदला. अंगाचा बहुतेक भार त्याच्यावरच असतो आणि तुटतं तेही तेच.

इंटरनेटवर ‘हिवाळ्याची चाकं’ म्हणून जे सल्ले मिळतात ते बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या देशांसाठी असतात. आपल्याकडे पहाटे २० अंश झाले की लोक कानटोप्या बाहेर काढतात. पण आपलंही मीठ आहे, ते हवेत आहे. कळंगुट-हणजूणच्या बाजूला व्हरांड्यात ठेवलेली सायकल एका पावसाळ्यात कशी होते ते तुम्ही पाहिलं असेल. त्यात पावसाने उखडलेले रस्ते, अवचित येणारे गतिरोधक आणि कडेची तांबडी माती. गोव्यात चाकं खराब होतात ती या तीन-चार गोष्टींनी, थंडीने नव्हे.

स्पोकच्या आकड्यावर मी एवढा का अडून बसतो ते सांगतो. तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात चोर्ला घाट उतरून केरीजवळ पोचलो आणि मागून ‘टण्ण’ असा आवाज आला. चाक हलकं, मागे फक्त २० चपटे स्पोक. एक तुटला आणि रिम एवढी लचकली की ब्रेक पूर्ण उघडूनही टायर फ्रेमला घासत होता. चालत तिठ्यापर्यंत आलो, टेंपोत सायकल टाकली आणि घरी. खरा त्रास नंतर झाला. तो स्पोक त्या कंपनीचा खास, सरळ डोक्याचा. गोव्यात कुठेच मिळेना. बाहेरून यायला साडेतीन आठवडे लागले, आणि तेही डिसेंबर-जानेवारीतले. वर्षभरात आपल्याला खरा सराव करायला मिळतो तो याच दिवसांत.

पुढच्या थंडीत होंड्याजवळ पुन्हा एक स्पोक तुटला, पण आता ३२ स्पोकचं चाक होतं. तुटलेली तार शेजारच्या तारेला गुंडाळली, ब्रेक जरा सैल केला आणि साखळी-डिचोली करत घरी आलो. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने नेहमीची वाकड्या मानेची तार घालून अर्ध्या तासात चाकाचा आउट, म्हणजे लचक, काढून दिला. टिकाऊ चाक म्हणजे माझ्या लेखी हे. कधीच न तुटणारं चाक नसतंच. सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पोदेराची सायकल बघा. त्या जुन्या काळ्या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० तारा असायच्या. भार कुठे येतो हे त्या बांधणाऱ्यांना नीट ठाऊक होतं.

आता घेताना काय बघायचं. मागच्या चाकात गिअरला जागा द्यावी लागते, म्हणून उजवीकडचे स्पोक जवळजवळ उभे आणि खूप ताणलेले असतात, तर डावीकडचे साधारण निम्म्या ताणावर. चाक फिरताना खाली येणारा प्रत्येक स्पोक क्षणभर सैलावतो आणि पुन्हा ताणला जातो. मुळात सैल बांधलेला असेल तर हबजवळच्या वाकड्या मानेत तो दर फेरीला हलतो आणि थकून तुटतो. म्हणून दुकानात चाक हातात घ्या, शेजारशेजारचे दोन-दोन स्पोक मुठीत दाबत पूर्ण फेरी मारा. मग एकाच बाजूचे स्पोक नखाने छेडत जा, आवाज साधारण एका सुरात यायला हवा. एखादा बद्द वाजला तर तो सैल आहे, तिथेच कसून घ्या. यंत्रावर बांधलेली स्वस्त तयार चाकंही चांगली चालतात, फक्त एका जाणत्या हाताखालून जायला हवीत. पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा आउट बघून घ्या.

निपलचं आवर्जून विचारा. ॲल्युमिनियमचे निपल चार-पाच ग्रॅम वाचवतात असं नाही, जोडीमागे चाळीसेक ग्रॅम नक्की वाचवतात, पण खाऱ्या हवेत ते स्पोकवर असे चिकटतात की फिरवायला गेलं की गोल होतात किंवा फुटतात. पितळी निपलवरही पांढरा मुलामा असतो, त्यामुळे नुसतं बघून कळत नाही. सुईने एका कडेला बारीक ओरखडा काढा. आत पिवळं दिसलं तर पितळ.

हबच्या बाबतीत शिमानोचे ‘टियाग्रा’ किंवा ‘१०५’ या नावांच्या मालिकेतले ३२ भोकांचे हब घ्या, त्यांच्यात सुटे छर्रे आणि कोन (छर्रे जागेवर धरणारे शंकूसारखे नट) असतात. मागच्या हबमध्ये प्रत्येक बाजूला पाव इंची नऊ छर्रे. पावसाळा संपला की उघडायचे, रॉकेलने धुवायचे, नवीन छर्रे आणि ग्रीस घालायचं. एवढ्यावर हब वर्षानुवर्षं चालतो. कोन मात्र सैल ठेवून चालवू नका. चाक धरून आडवं हलवल्यावर डगडगत असेल तर त्याच दिवशी कसा, नाहीतर छर्रे ज्यात फिरतात तो आतला कप खड्डे पडून वाया जातो आणि तो बदलता येत नाही. सीलबंद बेअरिंगचा हबही वाईट नाही, फक्त बेअरिंगचा नंबर बाजारात सहज मिळणारा आहे ना ते आधी बघा.

रिम ब्रेकवाल्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तांबडी माती. ऑक्टोबरात पाऊस सरला तरी सत्तरी-डिचोलीकडे कडेची माती रस्त्यावर पसरलेली असते आणि पहाटे दंवाने ओली होते. ती ब्रेकच्या रबरात रुतते आणि रिमला कानस लावल्यासारखी खाते. करकर आवाज आला की घरी येऊन रबर काढा आणि टाचणीने त्यातले खडे आणि ॲल्युमिनियमचे चमकते कण उपटून टाका. मी दर रविवारी हे करतो. कूल-स्टॉपचे सॅमन रंगाचे रबर ओल्यात रिमला बरेच कमी ओरबाडतात, तिथे पैसे घाला. बहुतेक रिमवर ब्रेकच्या पट्टीत एक बारीक खाच किंवा टिंब असतं. ते दिसेनासं झालं किंवा स्टीलची पट्टी उभी लावल्यावर मध्ये पोकळ दिसलं, तर ती रिम घाटात नेऊ नका. आतल्या हवेच्या दाबाने तिची भिंत उतारावर फाटते. जुनी चाकं विकत घेणार असाल तर पहिल्यांदा हेच तपासा.

रिम आतून १७ ते १९ मिलिमीटर रुंद असू दे. ब्रेकमध्ये मावत असेल तर २८ मिलिमीटरचा टायर घाला, तुमच्या वजनाला मागे ८०-८५ आणि पुढे ७५ पीएसआयच्या आसपास हवा पुरे. २३ चा टायर टणक फुगवून खड्ड्यांतून नेण्यापेक्षा यात रिम आणि कंबर दोन्ही वाचतात. टायर अडकवायला कडेला हूक नसलेल्या नव्या रिम या कामाला नकोत. त्यांना ट्यूबलेसच टायर लागतात आणि हवा ७२ पीएसआयच्या वर नेता येत नाही. आणि दिवाळीच्या पहाटे नरकासुर जाळल्यावर आठवडाभर तारा आणि खिळे रस्त्यावर असतात. तेवढे दिवस दोन ट्यूब जवळ ठेवा.

पैसे देण्याआधी मोजमाप. रिम ब्रेकच्या रोड बाइकला मागच्या हबची रुंदी बहुतेक १३० मिलिमीटर असते, तरी फ्रेममधलं अंतर पट्टीने मोजा. आज बहुतेक हब ११ गिअरचे येतात. तुमची कॅसेट (मागच्या गिअर-चकत्यांचा संच) ८ किंवा ९ ची असेल तर मागे १.८५ मिलिमीटरचा स्पेसर (जागा भरणारी कडी) घालावा लागतो, १० च्या काही कॅसेटना आणखी एक मिलिमीटरचा. तो दुकानदाराकडून तिथल्या तिथे मागून घ्या. स्वस्त सात गिअरच्या बाइकला गिअरची चकती थेट हबवर आट्याने बसते, तिथे हे हब त्या चकतीसकट चालणार नाहीत.

मागे किती गिअर आहेत आणि सध्याच्या हबवर कोणता नंबर छापलाय, एवढं लिहिलंत तर नेमका कोणता हब घ्यायचा ते सांगतो.