जुना पीसी दुसरं मशीन म्हणून तयार ठेवायचा असेल तर

तुमचं म्हणणं असं की दुकानात एकाच मशीनवर कोरल (डिझाइनसाठी) आणि टॅली (हिशेबासाठी) आहे, शेजारी एक जुना पीसी पडून आहे. मुख्य मशीनचा क्लोन, म्हणजे अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल, रोज रात्री त्यावर टाकला तर अडचणीच्या वेळी दहा मिनिटांत काम सुरू होईल का?

रोजच्या क्लोनच्या नादी लागू नका. तेवढा वेळ मशीन अडकून पडतं. मदरबोर्ड वेगळा असला की ड्रायव्हर रुसतात. शिवाय मशीनसोबत आलेलं विंडोजचं लायसन्स त्याच मदरबोर्डाला बांधलेलं असतं, ते दुसरीकडे ॲक्टिव्हेट होत नाही. दोन्ही मशीनं हुबेहूब सारखी असतील तर महिन्यातून एकदा क्लोनझिला या सॉफ्टवेअरने एका जादा एसएसडीवर क्लोन काढून कपाटात ठेवा, तेवढं पुरे. नसतील तर सॉफ्टवेअर दोन्हीकडे वेगवेगळं टाकायचं आणि रोज फक्त कामाच्या फाइली पलीकडे न्यायच्या.

मी नेमकं तेवढंच केलं होतं, तरी फसलो. मिरजेजवळ माझं डीटीपीचं दुकान आहे. ऐन लग्नसराईत एका सकाळी मुख्य मशीनची हार्डडिस्क गेली. मी निवांत, कारण फाइली रात्रीच दुसऱ्या मशीनवर आल्या होत्या. पत्रिका उघडली तर गणपतीच्या श्लोकापासून मामांच्या यादीपर्यंत सगळीकडे टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं. गिऱ्हाईक समोर उभं, "अहो, काल तर प्रूफ दाखवलंत की!" युनिकोडच्या आधीचे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार दाखवतात, तो फॉन्ट मशीनवर नसला की असं कडबोळं होतं. पण विंडोजचा फॉन्ट फोल्डर मी आधीच कॉपी केलेला होता, मग फॉन्ट गेले कुठे? ते त्या फोल्डरात नव्हतेच. विंडोज १०च्याच उशिरा आलेल्या आवृत्त्यांपासून पुढे फॉन्ट उघडून नुसतं 'इन्स्टॉल' दाबलं की तो फक्त त्या युजरपुरता बसतो आणि त्याची फाइल युजरच्या लपलेल्या ॲपडेटा फोल्डरात जाते. राइट क्लिक करून 'सर्व युजरसाठी' असा पर्याय घेतला तरच तो विंडोजच्या फोल्डरात जातो. तेव्हापासून प्रत्येक फॉन्टची मूळ फाइल मी डी ड्राइव्हवर 'फॉन्ट' नावाच्या फोल्डरात ठेवतो. नवा फॉन्ट एका मशीनवर टाकला की त्याच दिवशी दुसऱ्यावरही.

कोरलचंही बघा. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुनीत उघडत नाही. दोन्हीकडे एकच आवृत्ती नसेल तर सेव्ह करतानाच जुनी आवृत्ती निवडायची सवय लावा. ड्राइव्हचं अक्षरही दोन्हीकडे तेच ठेवा, नाहीतर लिंक केलेले फोटो सापडत नाहीत.

फाइली नेण्यासाठी मी सिंकथिंग वापरतो. फुकट आहे, दुकानातल्या लॅनवर (मशीनं एकमेकांना जोडणाऱ्या नेटवर्कवर) इंटरनेटशिवाय चालतं. (विंडोजमधली रोबोकॉपीही चांगली आहे, पण तिचा मिरर पर्याय इकडे उडवलेलं तिकडेही उडवतो आणि मागे काही ठेवत नाही.) मुख्य मशीनवर फोल्डर 'फक्त पाठवणारा', दुसऱ्यावर 'फक्त घेणारा'. आणि दुसऱ्या मशीनवर जुन्या आवृत्त्या साठवायचा पर्याय चालू करायचा. हा पर्याय बाहेरून आलेल्या बदलांवरच चालतो, म्हणून तो घेणाऱ्या बाजूलाच हवा. बरेच जण तो मुख्य मशीनवर लावून निर्धास्त होतात. त्यातला टप्प्याटप्प्याचा प्रकार घ्या: पहिल्या दिवसाच्या तासातासाच्या, मग ३० दिवस रोजची एक, पुढे आठवड्याला एक अशा प्रती राहतात. पोराने चुकून एखाद्या पत्रिकेवर दुसरीच सेव्ह केली तर ती चूक काही सेकंदांत पलीकडेही जाते. तेव्हा हाताशी येतात त्या या जुन्या प्रती.

टॅलीचा चालू डेटा फोल्डर मात्र सिंकमध्ये घालू नका. टॅली उघडी असताना त्यातल्या काही फाइली नव्या, काही जुन्या अशा पलीकडे जातात आणि कंपनी उघडत नाही. संध्याकाळी टॅलीतूनच बॅकअप काढा, तो सिंकच्या फोल्डरात पडू द्या. सिंगल युजर लायसन्स एका वेळी एकाच मशीनवर चालतं. दुसऱ्यावर ॲक्टिव्हेट करताना अनलॉक की नोंदवलेल्या ईमेलवर येते. तो ईमेल जुन्या अकाउंटंटचा तर नाही ना, हे आजच बघा. २० तारखेला जीएसटीचं ३बी रिटर्न भरायची घाई असताना त्याला फोन लावत बसायची वेळ येऊ नये. डीएससीचा (डिजिटल सहीचा) यूएसबी टोकन कुठल्याही मशीनला लागतो, पण त्याचा ड्रायव्हर दुसऱ्यावर आधीच टाकलेला हवा.

पडून असलेल्या पीसीचा आणखी एक त्रास. मदरबोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपतो, तारीख कुठल्या कुठे जाते आणि मग ब्राउझर एकही सुरक्षित साइट धड उघडत नाही. सेल किरकोळ पैशांत मिळतो. त्या पीसीवर विंडोज १० असेल तर तिचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आहे. ऑफलाइन कामाला चालेल, बँकेचे व्यवहार तिथे नकोत.

मी दर शनिवारी दुपारपर्यंत मुद्दाम दुसऱ्या मशीनवरच बसतो. गेल्या महिन्यात त्यातूनच कळलं की नव्या प्रिंटरचा ड्रायव्हर तिथे टाकायचाच राहिला होता. शनिवारच्या कामासाठी छोटा वेगळा फोल्डर आहे, तेवढाच दोन्ही दिशांनी सिंक होतो.

मुख्य मशीन दुरुस्त होऊन आलं की घाई करू नका. मधले दोन दिवस तुम्ही दुसऱ्यावर काम केलेलं असतं, आणि तिथे सिंकथिंग 'स्थानिक बदल मागे घ्या' अशा अर्थाचं लाल बटण दाखवतं. ते दाबलं की दोन दिवसांचं काम गेलं. आधी सिंक थांबवा, दोन दिवसांच्या फाइली पेनड्राइव्हवर घ्या, त्या मुख्य मशीनवर नेऊन टाका, मगच सिंक चालू करा.

आणि हो, वळवाच्या पावसात एकदा वीज पडून लॅनच्या वायरीतून आमच्या दोन्ही मशीनचे नेटवर्क पोर्ट एकदम गेले. डिस्क वाचल्या ते नशीब. तेव्हापासून एक बाहेरची हार्डडिस्क घरी असते. रविवारी आणतो, कॉपी करतो, वायर काढून परत नेतो.

तुमच्या दोन्ही मशीनवर कोरल कुठली आहे आणि फॉन्टच्या सॉफ्टवेअरला डोंगल (लायसन्सची यूएसबी चावी) लागतो का, तेवढं लिहा. डोंगल एकच असेल तर तो मुख्य मशीनच्या मागच्या पोर्टात खोचून ठेवू नका, पुढे हाताशी ठेवा.