आबाजींच्या कॅलेंडरवरचे गोल

तुम्ही विचारलंय की वडील जाऊन दोन महिने झाले, मुलं 5 आणि 8 वर्षांची आहेत, आई तुमच्याकडेच असते. मुलांच्या मनात आजोबा राहावेत म्हणून काय करावं? आणि त्यांच्या विचित्र सवयींचे किस्से सांगावेत की नाही, कारण घरातल्या मोठ्यांना ते बरं दिसत नाही.

सांगा. आधी तेच सांगा. 'फार प्रेमळ होते, कष्टाळू होते' यातलं काही लेकरांच्या हाताला लागत नाही. माझे बाबा जाऊन चार वर्षं होत आली. माझ्या पोरीचे ते आबाजी, आणि तिच्या मनात ते आहेत ते एका पत्र्याच्या डब्यामुळे.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यात. हा खारपाणपट्टा. विहीर खोदली तर पाणी लागतं, पण खारं. ते पिकाला दिलं तर जमीनच बिघडते. काळी भारी माती, त्यात कापूस, तूर, मूग, हरभरा, आणि सगळी भिस्त वरच्या पाण्यावर. पावसाबद्दल आमच्याकडे सगळेच बोलतात. बाबा मोजायचे.

अंगणाच्या मधोमध, झाडापासून आणि पागोळ्यांपासून दूर, त्यांनी एका लाकडी खुंटावर सरळ भिंतींचा डबा तारेनं बांधला होता. रोज सकाळी साडेआठला त्यात पट्टी उभी करायचे. साडेआठलाच का, तर हवामान खातं चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतं, हे त्यांनी रेडिओवर ऐकलं होतं. "सरकारनं आन् आपण एकाच टायमाले मोजलं पाहिजे, नाही त हिशेब जुळन कसा?" पट्टी शाळेतली होती, पण तिच्या टोकाशी शून्याच्या आधी थोडी मोकळी जागा असते ना, तेवढी त्यांनी कानशीनं घासून काढली होती. शून्य अगदी काठावर. पट्टी वर काढली की ओल्या खुणेवर अंगठ्याचं नख रोवायचे आणि तसेच घरात यायचे. चष्मा सापडेपर्यंत नख हलू द्यायचे नाहीत. त्या दोन मिनिटांत त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही. दारात सोयरे आले असले तरी दुसरा हात वर करून थांबवायचे.

मग भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात आकडा. अडीच मिलिमीटरच्या खाली असला तर पेन्सिलीनं, वर असला तर पेननं, कारण अडीचपासून पुढंच हवामान खातं तो 'पावसाचा दिवस' धरतं.

आई त्या डब्याकडे बघायचीही नाही. तुळशीजवळच्या घमेल्यात बोटं आडवी धरून म्हणायची, "दोन बोटं झाला." बाबा चिडायचे. "घमेल्यानं पाऊस मोजता येते का?" हे भांडण मी जन्मापासून ऐकलं. माझी पोरगी सात वर्षांची असताना तिनंच एकदा विचारलं, का नाही येत? बाबांनी रात्री अंगणात तिच्यासाठी तीन भांडी ठेवली: त्यांचा डबा, एक सरळ उभा स्टीलचा ग्लास आणि आईचं घमेलं. सकाळी डब्यात 14 मिलिमीटर, ग्लासातही 14, आणि घमेल्यात चांगलंच जास्त. "तोंड लहान-मोठं असलं त चालते," त्यांनी पट्टी तिच्या हातात देऊन सांगितलं, "पण बाजू उभी पाहिजे. पसरट भांड्यात वरून पडते जास्त आन् बुडाले जागा कमी." पोरगी आता आठवीत आहे. विज्ञानाच्या तासाला पर्जन्यमापक आला तेव्हा वर्गात उठून हे तिनं त्यांच्याच शब्दांत सांगितलं, वऱ्हाडीत.

मोजणं पेरणीसाठी होतं. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग सांगतो. बाबा मृग लागला की बेरीज सुरू करायचे. पहिल्या दोन सरींना गाव तिफण जुंपायचं, आणि हे ओट्यावर बसून, "जमिनीचा घसा बी नाही ओला झाला अजून." यानं बऱ्याच वर्षी आमची दुबार पेरणी वाचली. एका वर्षी मात्र 100 पुरे व्हायची वाट पाहत बसले आणि नंतर अशी झड लागली की काळ्या मातीत वाफसाच येईना, म्हणजे माती पेरण्याजोगी सुकेचना. मूग तर पेरताच आला नाही. त्या महिन्याच्या पानावर खाली त्यांनीच लिहून ठेवलंय, 'माझी चूक.' ते पान मी पोरीला मुद्दाम दाखवतो.

बैलांना ते 'अहो' म्हणायचे, "घरातले कमावते हायेत ते." पोळ्याच्या आदल्या सांजेला खांदशेकणी असते, बैलांच्या खांद्याला लोणी-हळद चोळून 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' म्हणतात. बाकीचे ते पटकन उरकतात. बाबा डोक्यावर टोपी घालून, हात जोडून, प्रत्येक बैलासमोर वेगळं म्हणायचे. बैलजोडी विकली त्या वर्षी ते दिवसभर जेवले नाहीत. सांजेला पोरीचा तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्याचा, लाकडी बैल समोर घेतला आणि त्याच्या खांद्यांना लोणी-हळद चोळली, तितक्याच सावकाश. लाकडात मुरलेला तो पिवळा डाग अजून आहे. पोरगी तो बैल पुसू देत नाही.

बाबांची तेरवी झाल्यावर पेटीतून कॅलेंडरांचा गठ्ठा निघाला, सुतळीनं बांधलेला. दोन-तीन वर्षं उंदरांनी खाल्लेली, बाकी शाबूत. मी एकेका पानाचा फोटो काढला. त्यात सगळं आयुष्य आहे, पण त्यांच्या क्रमानं. पोरीच्या जन्माच्या चौकोनात लिहिलंय: '18 मि.मी. नात झाली. सरकी 2 पोते.' 15 एप्रिल 1994 ला 'इंजिन गेलं.' ते आमच्या शकुंतला रेल्वेचं वाफेचं इंजिन, 1921 साली मँचेस्टरला बनलेलं. त्या दिवसापासून गाडीला डिझेल लागलं. मूर्तिजापूर ते अचलपूर 76 किलोमीटर ती छोटी गाडी धावायची, आणि इंजिन बदललं म्हणून बाबा हळहळले होते हे मला तेव्हा कळलंही नव्हतं. मी परीक्षेत होतो.

एक गोष्ट मात्र कोणालाच उलगडेना. पावसाच्या आकड्याशेजारी बारीक गोल, आणि गोलात कधी 1, कधी 2, कधी दीड. आम्ही धरून चाललो की दुधाचे लिटर. पण म्हैस विकल्यावरही गोल चालूच होते, आणि कोरड्या दिवशी गोल नव्हता. एका रविवारी पोरगी आजीजवळ बसून मोठ्यानं वाचत होती: "22, गोलात 1. 41, गोलात 2." आई तूर निवडत होती. तिचा हात सुपातच थांबला.

"बोटं हायेत ते," ती म्हणाली. "माहे."

घमेल्यातली बोटं. आयुष्यभर ज्यावरून तिला बोलले, ते दर वेळी तिच्यामागे जाऊन लिहून ठेवत होते. आईनं पोरीला ते अख्खं वर्ष वाचायला लावलं, मग त्याच्या मागचं. दिवेलागण झाली तरी सूप तसंच मांडीवर. "मले कदी बोलले नाही," एवढंच म्हणाली.

म्हणून तुम्हाला सांगतो, वडिलांच्या वह्या, डायऱ्या, खिशातल्या चिठ्ठ्या रद्दीत देऊ नका, आणि एकट्यानं आवरायलाही बसू नका. आईजवळ बसून उघडा, मुलांना वाचू द्या. आई बोलू लागली की फोनवर आवाज रेकॉर्ड करून ठेवा. माझ्याकडे बाबांच्या आवाजाचं एकच रेकॉर्डिंग आहे, जेमतेम दहा सेकंदांचं. मी त्यांना लहानपणीचं काही सांगा म्हणतोय, आणि ते उठतायत: "थांब बावा, साडेआठ झाले."